‘कमी कर’ म्हणण्याआधी जेराल्डिन पेज पाहा

नाटकात मुरलेला नट पहिल्यांदा मालिकेच्या किंवा सिनेमाच्या सेटवर जातो, तेव्हा एक सूचना त्याच्या कानावर हमखास पडते: ‘थोडं कमी कर, कॅमेरा आहे.’ मी अभिनय शिकवते. ही सूचना मनावर घेतलेली मुलं-मुली माझ्याकडे सतत येत असतात. आवाज खाली आणलेला, हात मांडीवर घट्ट धरलेले, चेहरा कोरा. सगळं कमी करूनही पडद्यावर काहीच उमटत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांना मी सिद्धान्त सांगत बसत नाही. जेराल्डिन पेज या अमेरिकन अभिनेत्रीचं काम दाखवते.

पेजचा जन्म १९२४चा, मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावचा. वाढली शिकागोत, नाट्यशिक्षण तिथल्याच गुडमन थिएटरच्या शाळेत. न्यू यॉर्कला आल्यावर उमेदवारीची वर्षं गेली आणि १९५२मध्ये तिचं नशीब उघडलं ते एका पडलेल्या नाटकामुळे. नाटककार टेनेसी विल्यम्सचं ‘समर अँड स्मोक’ १९४८मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि फारसं न चालता बंद झालं होतं. होसे किन्टेरो या तरुण दिग्दर्शकानं ते शेरिडन स्क्वेअरमधल्या ‘सर्कल इन द स्क्वेअर’ या छोट्या जागेत पुन्हा उभं केलं. जागा मुळात नाइटक्लबची. प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेले, पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर. मुंबईकर नाट्यरसिकाला इथे दादरचं छबिलदास आठवेल. ब्रॉडवेवर पडलेलं हे नाटक तिथे महिनोन् महिने चाललं. मोठ्या व्यावसायिक रंगभूमीबाहेरच्या न्यू यॉर्कच्या नाटकाला, म्हणजे ‘ऑफ-ब्रॉडवे’ला, खरी प्रतिष्ठा मिळाली ती या प्रयोगापासून, असं तिकडचे नाट्य-इतिहासकार मानतात.

पेजची भूमिका होती अल्मा वाइनमिलरची. मिसिसिपीतल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, शेजारच्या तरुण डॉक्टरवर जीव जडलेली, आणि ते बोलण्याची सोय नसलेली. अल्माचं हसणं मधेच उसळतं, श्वास अडतो, हात गळ्यापाशी जातात. अभिनयाच्या मापानं पाहिलं तर हे सगळं ‘जास्त’. पण तिला बोलायचं आहे ते तिच्या घरात बोलता येत नाही. जिभेवर बंधन आलं की शरीर बोलू लागतं, आणि म्हणून ते हात हलतात. तीन बाजूंनी, इतक्या जवळून रोखलेल्या नजरांसमोर खोटा हातवारा एक दिवसही टिकला नसता. कॅमेरा जी परीक्षा घेतो, ती या नटीनं कॅमेऱ्याआधीच रोज संध्याकाळी दिली होती.

जॉन वेनबरोबरच्या ‘होंडो’ (१९५३) या थ्री-डी वेस्टर्नसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. एवढं झाल्यावर निर्मात्यांची रांग लागायला हवी होती. उलट पुढची सात-आठ वर्षं पडद्यावर तिला मोठं काम मिळालं नाही. जिच्याकडे ती शिकली, त्या उटा हेगनचं नाव तेव्हाच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलं जाणाऱ्यांच्या यादीत होतं. त्या ओळखीची किंमत आपल्याला मोजावी लागली, असं पेजचं म्हणणं होतं. ती रंगभूमीवर काम करत राहिली. १९५९मध्ये एलिया कझाननं विल्यम्सचंच ‘स्वीट बर्ड ऑफ यूथ’ ब्रॉडवेवर बसवलं. त्यात पॉल न्यूमनसमोर उतरत्या वयाच्या चित्रपटतारकेचं काम करताना पेजचं स्वतःचं वय होतं ३४. पुढे ही दोन्ही नाटकं पडद्यावर आली, ‘समर अँड स्मोक’ १९६१मध्ये आणि ‘स्वीट बर्ड’ १९६२मध्ये. दोन्हींत नायिका तीच राहिली आणि दोन्हींसाठी तिला नामांकन मिळालं. एकच नटी, त्याच भूमिका, आधी रंगमंच आणि मग कॅमेरा: अभ्यासाला इतकी सोयीची उदाहरणं फार सापडत नाहीत.

‘स्वीट बर्ड’मधला टेलिफोनचा प्रसंग मी वर्गात पुनःपुन्हा लावते. आपला पुनरागमनाचा सिनेमा पडला असं समजून ही बाई तोंड लपवून पळालेली आहे. सोबतचा तरुण तिला एका बड्या स्तंभलेखकाला फोन करायला लावतो. तिनं आपली शिफारस करावी, एवढाच त्याचा मतलब. फोनवर तिला कळतं की सिनेमा जोरात चालला आहे. त्या क्षणापासून खोलीत दुसरा माणूस आहे हे ती विसरते. पाठ ताठ होते, आवाज भरतो, हात रिसीव्हरवर राणीसारखा विसावतो. तरुण शेजारी ताटकळत उभा असतो आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. हा अभिनय लहान मुळीच नाही. तरी तो कॅमेऱ्याला खटकत नाही, कारण ही बाई आयुष्यभर चाहत्यांसमोर वावरलेली आहे आणि यशाची बातमी ती अशीच घेणार.

पेजवर हातवाऱ्यांचा, फुटणाऱ्या आवाजाचा, लकबींचा आरोप समीक्षकांनी अनेकदा केला. काही ठिकाणी त्यात तथ्य आहेच. मात्र ज्यांना तिला लहान होता येत नाही असं वाटतं, त्यांनी वुडी ॲलनचा ‘इंटिरियर्स’ (१९७८) पाहावा. त्यात पेज झाली आहे ईव्ह ही गृहसजावटकार. तिच्या जगात फिकट, मातकट रंग आणि प्रत्येक फुलदाणीची जागा ठरलेली. नवरा सोडून गेल्यावर ती एकटी आत्महत्येची तयारी करते. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, फक्त पट्टी ओढल्याचा फाटका, करकरीत आवाज. पेज ती पट्टी कशी लावते ते बघा. सरळ, नेटकी, एखादं काम नीट व्हावं म्हणून घ्यावी तशी काळजी घेत. रडणं नाही, थरथरणं नाही. ईव्ह मरायची तयारीही नीटनेटकीच करणार. अल्माचे हात भिरभिरतात, ईव्हचे हात पट्टी सपाट करतात. माप बदललं ते कॅमेरा आहे म्हणून बदललं नाही, बाई बदलली म्हणून बदललं.

भूमिकेची लांबीही तिनं कधी मोजली नाही. ‘द पोप ऑफ ग्रीनिच व्हिलेज’मध्ये (१९८४) तिला अवघे दोन प्रसंग आहेत. मुलगा मेलेला, दारात चौकशीला आलेले पोलीस, आणि त्यांना तोडून बोलणारी ही म्हातारी आई. तेवढ्यावर सातवं नामांकन.

आठवं ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’चं (१९८५). हॉर्टन फूटच्या या कथेत कॅरी वॉट्स ही वृद्धा ह्यूस्टनमध्ये मुलगा-सुनेच्या दोन खोल्यांत कोंडल्यासारखी राहते. पेन्शनचा चेक लपवून ती आपल्या बाउंटिफुल या गावी पळ काढते आणि वाटेत कळतं की गावात उरलेली शेवटची मैत्रीणही गेली. बसमधल्या प्रवासात ती शेजारच्या तरुण मुलीला सांगते की, ज्याच्याशी लग्न केलं त्याच्यावर आपलं प्रेम नव्हतं. पेज हे कबुलीजबाबासारखं म्हणत नाही. जुन्या हवापाण्याची हकिकत सांगावी तसं सांगते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. गावी निघण्याच्या घाईत मात्र त्याच कॅरीचा सगळा देह लहान मुलासारखा उतावीळ होतो. एकाच भूमिकेत दोन्ही मापं, आणि दोन्ही त्या बाईचीच.

ही भूमिका १९५३मध्ये आधी टेलिव्हिजनवर आणि मग ब्रॉडवेवर लिलियन गिशनं केली होती. २०१३मध्ये याच भूमिकेसाठी सिसली टायसनला टोनी हा ब्रॉडवेचा पुरस्कार मिळाला. पेजला ऑस्कर मिळालं, आठव्या खेपेला. त्या वर्षी तिच्यासमोर ॲन बँक्रॉफ्टही होती, ‘ॲग्नेस ऑफ गॉड’मधल्या मदर मिरियमसाठी. ब्रॉडवेवर १९८२मध्ये ती मदर मिरियम खुद्द पेजनं उभी केली होती. टोनीसाठी पेजला चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

ऑस्करनंतर ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. १९८७मध्ये नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’मध्ये ती मादाम आर्काटी करत होती. १३ जूनला ती प्रयोगाला पोचली नाही. घरीच हृदयविकारानं तिचं निधन झालं होतं, वयाच्या ६२व्या वर्षी.

आज आपला नट दिवसा मालिकेचं चित्रीकरण करतो आणि रात्री शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला नाटकाचा प्रयोग. दोन माध्यमांसाठी दोन वेगळे अभिनय शिकावे लागतात, ही भीती त्याच्या मनात आपणच घातली. तंत्र वेगळं असतं, हे मला मान्य आहे: आवाजाची फेक, नजरेची दिशा, चौकटीचं भान हे शिकावंच लागतं. पण हात किती हलावा, हे कॅमेरा सांगू शकत नाही, ते पात्रालाच विचारावं लागतं. दिग्दर्शक मित्रांना आणि शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ‘कमी कर’ म्हणण्याआधी नटाला विचारा, या माणसाला एवढं का लागतंय? त्याच्याकडे उत्तर असेल, तर त्याचा हात बांधू नका.