थंड पाण्यांतील खोटा घास

दुसऱ्याची भूक ओळखून पानांत वाढणें ही आपल्याकडे गृहिणीची विद्या समजली जाते. तिचे कांहीं धडे आम्हांस परदेशांत एका माशानें दिले, असें सांगितल्यास वाचकांस हंसूं येईल. आमचें वास्तव्य अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत आहे. मार्च महिन्यांत तेथील तळ्यांवरचा बर्फ वितळला कीं आम्ही काठी, रीळ व खोट्या आमिषांची पेटी घेऊन बास नांवाच्या माशाच्या मागें लागतों. हा मासा गोड्या पाण्यांतला, रुंद जबड्याचा आणि मोठा खादाड. आमच्या घरीं मासे शिजत नाहींत. धरलेला प्रत्येक बास पाण्यांत परत जातो. मग हा खटाटोप कशाला, हा प्रश्न योग्यच आहे, व त्याकडे आम्ही पुढें येणार आहों.

आधीं थंड पाण्याची गोष्ट. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतें. म्हणून बर्फाखालीं तळाशीं त्याच सुमाराच्या उष्णमानाचें पाणी सांठून राहतें, आणि मासे तेथें हिवाळा काढतात. माशाच्या शरीराची उष्णता पाण्याबरोबर कमीजास्त होते. पाणी गारठलें कीं त्याचा जठराग्निही मंदावतो व एक घास पचावयास दिवसच्या दिवस लागतात. पुढें पाणी १५ ते १८ अंशांपर्यंत तापलें म्हणजे विणीचा काळ येतो. त्यापूर्वींचे कांहीं आठवडे मोठे चमत्कारिक. मादीच्या पोटांत अंडीं असतात, तिला अन्न हवें असतें, पण धांवून भक्ष्य धरण्याचें त्राण अंगीं नसतें. विषमज्वरांतून उठलेल्या माणसासारखी ही स्थिति. अशा माणसापुढें श्रीखंड-पुरीचें ताट कोणी मांडीत नाहीं. पेज देतात, आणि तीहि चमच्याचमच्यानें. आमिषाची निवड याच नियमानें करावी लागते.

या दिवसांत आमच्या पेटींत तीनच जातींचीं आमिषें असतात. पहिलें जर्कबेट. ही लांबट माशाची प्रतिकृति अशी तोललेली असते कीं दोरी सैल सोडली असतां ती न तरंगते, न बुडते; पाण्यांत जेथल्या तेथें स्थिर राहते. काठीला दोन हलके हिसके द्यावे आणि थांबावें. पाणी १० अंशांच्या वर असेल तर पांच-सात आंकडे मोजावे; त्याहून थंड असेल तर वीस, प्रसंगीं तीस. थंडीनें गारठलेले लहान मासे असेच क्षणभर तडफडून निश्चल होतात, आणि बास तोंड घालतो तो बहुधा या निश्चलतेंतच. दुसरें जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा, रबराच्या झिरमिळ्या लावलेला गळ. तपकिरी किंवा काळपट हिरव्या रंगाचें जिग तळाशीं खरडत सावकाश ओढलें म्हणजे तें नांगीवाल्या झिंग्यासारखें भासतें. तिसरें, पोटांत गोळ्या खुळखुळणारें चपटें आमिष. वसंतांतल्या पावसानें पाणी गढूळ झालें कीं डोळ्यांचा उपयोग उरत नाहीं. पण माशाच्या कुशीवरील रेषेस पाण्याची थरथर कळते. तेव्हां हें आमिष तळापासून उचलावें व पुन्हां पडूं द्यावें. निवळ पाण्यांत रुपेरी व फिकट रंग, गढुळांत लाल किंवा भडक पोपटी, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. जागा निवडावी ती उत्तरेकडील कांठाची. दक्षिणेकडून येणारें ऊन तेथेंच अधिक पडतें व पाणी आधीं तापतें.

ही सर्व विद्या अवलोकनाची आहे. फिनलंडमधील लौरी रापाला या कोळ्यानें पाहिलें कीं, मोठा मासा थव्यांतील वेड्यावांकड्या पोहणाऱ्या जखमी माशावरच झडप घालतो. १९३६ सालीं त्यानें बुचाच्या लांकडाचा तसाच लचकणारा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढविला आणि छायाचित्रांच्या फिल्मा वितळवून वरून लेप दिला. पण एवढ्या दूर तरी कशाला जावें? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, इ. स. ११३० च्या सुमारास, ‘मत्स्यविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशास कोणता घास रुचतो याचा त्यांत विचार केलेला आहे.

गेल्या वर्षीं आमच्या मावशीबाई पुण्याहून आल्या होत्या. पेटींतले रंगीत मासे त्यांनीं कौतुकानें हातांत घेऊन पाहिले, आणि मग विचारलें, “अरे, भुकेल्या जिवाला खोटा घास दाखवायचा, आणि वर सोडून दिला म्हणून पुण्यहि मिळवायचें?” आम्हीं आमचे नियम सांगितले. गळाचे उलटे काटे आम्ही चिमट्यानें दाबून टाकतों. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचें रक्षण करतो, म्हणून त्यास ओल्या हातांनींच धरतों, व क्षणांत सोडतों. विणीस आरंभ झाला कीं काठी घरांत ठेवतों. कारण नर घरट्याची राखण करतो, आणि त्यास ओढून काढलें तर इतर मासे अंडीं खाऊन टाकतात. मावशीबाई म्हणाल्या, “हें सगळें बरें आहे रे. पण त्याचा घास तो घासच नव्हता, हें उरतेंच.”

तें उरतें खरें, व तें उरावें असेंच आम्हांस वाटतें. हा प्रश्न ज्याच्या मनांत आहे तो गळ अधिक जपून टाकील. आम्हांपुरतें सांगावयाचें तर या तळ्यांनीं आम्हांस थांबावयास शिकविलें. दोरी सैल, पाणी निश्चल, तोंडानें आंकडे मोजणें चाललेलें. खालीं एक जीव आपल्या मंद भुकेशीं विचार करीत आहे आणि त्याला घाई करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, हें त्या तीस आंकड्यांत जितकें कळतें तितकें एरवीं क्वचितच कळतें. यंदां मावशीबाईंचें पत्र आलें आहे. शेवटीं एक ओळ आहे: “तळीं उघडलीं का? गळाचे कांटे दाबलेस ना?”