पावसाळ्यातले तीन महिने

वेरूळला आलेली माणसं आधी सोळा नंबरकडे, म्हणजे कैलास लेण्याकडे धावतात. साहजिकच आहे. पाच नंबरच्या लेण्यात मात्र कुणी फारसं रेंगाळत नाही. घरी पाहुणे आले की मी त्यांना हट्टाने तिथे नेते. आत लांबलचक दालन, कडेला खांब, भोवती भिक्खूंच्या खोल्या आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन बुटके दगडी बाक. भिक्खू इथे रांगेने बसून जेवत असावेत किंवा पाठ घेत असावेत, असं जाणकार म्हणतात. या लेण्याचं जुनं नाव महारवाडा. आसपासचे महार पावसाळ्यात इथे आसऱ्याला येत म्हणून ते पडलं, असं सांगतात.

भिक्खूही पावसाळ्यातच एका जागी थांबत. एरवी गावोगाव हिंडायचं आणि पावसाचे तीन महिने सोबत राहायचं, हा वर्षावास. तो संपताना पवारणा. प्रत्येकाने संघाला विनवायचं, की माझ्या वागण्यात काही चुकीचं पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. म्हणजे बघा, एकट्याने हिंडणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपल्या माणसांत बसणं लागतं, हे त्या लोकांनी नियमातच घालून ठेवलं होतं.

१९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनाही असंच वाटलं असेल का? महाडचा सत्याग्रह १९२७चा, नाशिकचा काळाराम मंदिराचा १९३०चा. चळवळीतल्या त्या कार्यकर्त्यांनी ठरवलं की कुठेतरी सहलीला जाऊ, पण बाबासाहेब येणार असतील तर. ते हो म्हणाले. तीसेक जण निघाले ते वेरूळची बौद्ध लेणी बघायला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात, प्रवासाच्या धुळीने माखलेले म्हणून, हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तर हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपाई सोबत देऊन, त्यांना किल्ला बघू दिला. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. वाचताना अपमान तर जाळतोच, पण मला ती सहलसुद्धा विसरता येत नाही. लढणाऱ्या माणसांनाही चार दिवस सोबत हवी होती.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरातून पेटून आली आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करायला लागली. शिबिरातल्यांचा व्हॉट्सॅपवर गट आहे. वाढदिवसाला केकची चित्रं येतात, कुणाला पुरस्कार मिळाला की टाळ्या. मधे हिचं मानधन चार महिने थकलं, घरून लग्नाचा लकडा, त्यात गावातल्या एका पुढाऱ्याने दम भरला. गटावर एक अक्षर नाही! विचारलं तर म्हणाली, "मावशी, तिथे सगळ्यांचं छानच चाललेलं असतं. मी एकटीच काय रडू?"

आपल्याकडे लोकांनी याचा विचार केलेला नाही असं नाही. १९८०च्या दशकात डॉ. लागू, निळू फुले यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसे जमवले आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. बाबा आढाव, दाभोलकर त्यात होते. पूर्णवेळ कार्यकर्त्याला दरमहा मानधन पोचावं, एवढा साधा विचार. पण जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशीनंतर बाहेर पडायचा नियम होता. संघटना तरुण राहिली, खरं. पण घरभाडं, आजारी आईवडील, पोरांची शाळा हे सगळं तिशीनंतरच तर सुरू होतं! नेमकं तेव्हाच माणूस एकटा पडला तर कसं व्हायचं?

म्हणून मला वाटतं, शिबिर दहा दिवसांचं असलं तरी त्यातून निघालेल्या मुलांची सोबत दहा वर्षांची हवी. वर्षातून एकदा, पावसाळ्यात जमावं. सत्कार नको, भाषणं नकोत. ज्यांनी पुढे नोकरी धरली त्यांनी ओशाळं होऊन दूर राहू नये. दरमहा थोडे पैसे बाजूला टाकावेत, म्हणजे कुणाचं मानधन थकलं तर हात पसरावा लागणार नाही. आणि मग पवारणा. कुठे अडलं, कुठे घाबरलो, माझं काय चुकतंय ते सांगा. कौतुकाने माणूस दोन दिवस फुलतो. काम सोडावंसं वाटतंय हे जिथे न लाजता बोलता येतं, तिथे तो टिकतो. आणि सगळं बोलूनही एखाद्याने काम सोडलंच, तर त्याचीही जागा त्या पंगतीत राहावी.

वेरूळला जमणार असाल तर पिठलं-भाकरीचं माझ्याकडे लागलं. आणि नातेवाईक मंडळी, तुमच्या घरात असं एखादं पोर असेल तर फोनवर "काम कसं चाललंय?" एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर "छान" असंच येतं. पैसे पुरतात का, झोप लागते का, ते विचारा.