हिरव्याच्या आडचं पिवळं

लग्न होऊन पुण्याहून तंजावरला आले, तेव्हा सासूबाईंनी घरातली एकच गोष्ट माझ्या स्वाधीन केली: मागच्या अंगणातली नागवेल. किल्ल्या पुष्कळ वर्षांनी मिळाल्या! व्यंकोजीराजांच्या काळापासून इकडे वसलेल्या मराठी घरांत बोलीत निम्मी तमिळ शिरली, सांबार नि रसम् आलं, पण जेवणानंतरचं पान मात्र दोन्हीकडचं एकच.

ती वेल हादग्यावर चढवलेली होती. कावेरीकाठच्या पानमळ्यांतही हादगाच लावतात. इथे त्याला अगत्ती म्हणतात. वेलीला आधार मिळतो, सावली मिळते आणि पाल्याची भाजी वर.

2018 च्या नोव्हेंबरात गजा वादळ आलं. आमच्या जिल्ह्यात माडच्या माड आडवे झाले, तिथे ठिसूळ हादग्याची काय कथा! वेल मात्र मुळाशी शाबूत होती. मी ती बांबूवर बांधली आणि म्हटलं, आता भरपूर ऊन मिळेल, चांगली फोफावेल.

पाऊस ओसरला, ऊन तापू लागलं आणि काळीभोर हिरवी पानं फिकटली. मग त्यांवर पांढुरके, करपट डाग पडले. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, शेणखत घातलं. उपयोग शून्य. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. जेवण झाल्यावर रिकामं तबक नुसतं पुढे ओढायच्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

पोंगलला धाकट्या वन्स आल्या. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला. वेल पाहून म्हणाल्या, "वहिनी, तिला तहान नाही लागलेली. उजेड जास्त झालाय."

उजेड झाडाला जास्त होतो? मला हे नवीनच होतं.

मग त्यांनी समजावलं ते असं. हिरव्या पानात पिवळी द्रव्यंही असतात. गाजरात असतात त्याच घराण्यातली, कॅरोटिनॉइड नावाची. हरितद्रव्य तांबडा नि निळा उजेड चांगला टिपतं. निळ्या-हिरव्याच्या मधला जो उजेड त्याच्या हातून निसटतो, तो ही पिवळी मंडळी टिपतात आणि शेजारच्या हरितद्रव्याच्या हवाली करतात. ही देवघेव सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी कमी वेळात होते. शेजारही अगदी खेटून. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये पालकाच्या पानातल्या उजेड टिपणाऱ्या प्रथिनाची बारीक रचना उलगडली. त्याच्या एकेका घटकात हरितद्रव्याचे 14 रेणू आणि पिवळ्यांचे 4, असे दाटीने बसवलेले.

"पण खरं काम कडक उन्हात," वन्स म्हणाल्या. पानाला खर्चता येईल त्याहून अधिक उजेड आला, की हरितद्रव्यात अडकलेल्या शक्तीपासून प्राणवायूचं एक घातक रूप तयार होतं आणि ते पानालाच जाळतं. तेव्हा पिवळी द्रव्यं ती जादा शक्ती उष्णतेच्या रूपात बाहेर सोडायला मदत करतात. व्हायोलाझँथिन नावाचं एक द्रव्य कडक उन्हात काही मिनिटांत झिअॅझँथिन होतं आणि सावली आली, की सावकाश पुन्हा मूळ रूपात येतं. सावलीत वाढलेल्या पानात मात्र उजेड टिपणारी द्रव्यं भरपूर आणि अशी राखण करणारी थोडी. तिथे त्यांची गरजच पडत नाही ना! अशा पानांना मी एका दिवसात उघड्यावर आणलं होतं.

मी मुकाट्याने जुनं सुती पातळ आणून वेलीवर मांडव घातला. शेजारी हादग्याचं बी टोचलं. पातळ रोज थोडं थोडं सरकवत गेले. करपलेली पानं सुधारली नाहीत, गळूनच गेली. पण नवीन फुटली ती उन्हाची सवय घेऊनच. आकाराने लहान, जाडसर, पोपटी.

पहिलं पान सासूबाईंनी चुना लावून खाल्लं. "तिखट आहे," म्हणाल्या. जरा वेळाने, "उद्या दोन काढ."

उरलेली पानं त्या केळीच्या पानात गुंडाळून अंधारात ठेवतात. चार दिवसांनी उघडली, की हरितद्रव्य विरलेलं असतं आणि पिवळा रंग वर आलेला असतो. पूर्वी मला वाटायचं, पान पिवळं पडतं. आता त्यांच्या हातातल्या पानाकडे बघते, तेव्हा तो रंग पहिल्यापासून तिथेच होता, हे आठवतं. दात नसल्यामुळे त्यांना तसलंच मऊ पान आवडतं. हादगा आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय.