ती कॅसेट आधी कपाटात टाक

सदाशिव पेठ, पुणे ३०
गुरुवार, सकाळ

चि. मनूस,

काल रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मला काही धड झोप लागली नाही. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू मध्येच ‘हो गं, कळलं’ म्हणून तोडतेस, म्हणून लिहायला बसले. तानपुरा माळ्यावरून काढलास, मिरजेला पाठवून जवारी करून घेतलीस, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवायला उठणार होते. तेवढ्यात तू पुढचं सांगितलंस. विशारदच्या वेळची कॅसेट शोधलीस, मोबाइलवर आत्ताचं गाणं रेकॉर्ड केलंस, दोन्ही एकापाठोपाठ ऐकलंस आणि तानपुऱ्याला गवसणी चढवून मोकळी झालीस! अगं, हा उद्योग सांगितला होता कोणी?

वर मला विचारतेस, रोज किती तास बसलं तर आवाज पूर्वीसारखा होईल. होणार नाही. चार तास बस, नाहीतर आठ तास बस. तो बावीस वर्षांच्या मुलीचा गळा होता. तिची आई गरम दुधाचा पेला हातात आणून द्यायची, आणि मग बाईसाहेब तोडीला बसायच्या. दार वाजलं तर उठायचं दुसऱ्यांनी. ती मुलगी परत यावी म्हणून नवस करू नकोस.

आणि तू अजून काळी चारलाच गातेस ना? तुझ्या बोलण्यावरूनच कळलं मला. काळी तीनला उतर. तेही जड गेलं तर पांढरी चारला ये. बायकांचा आवाज पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास खाली येतो, स्वरतंतू थोडे जाड होतात, हे काही तुझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. तारा जरा जाड घातल्या की तोच तानपुरा खालच्या पट्टीत छान बोलतो. तारेला हे जमतं, आणि तुला लाज वाटते? सांगलीच्या त्या कार्यक्रमात तू असाच पट्टीचा हट्ट धरला होतास. पुढे काय झालं ते मी काढत नाही.

तुला एक सांगते ते कर. पंधरा दिवस गाऊच नकोस. नुसता तानपुरा लाव. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो नखानं केसभर मागे-पुढे सरकवायचा. जागा चुकली की तार नुसती टणटण करते. जागा सापडली की ती एकदम उघडते आणि खर्जाच्या तारेतून न लावलेला गंधार ऐकू यायला लागतो. पहिल्यांदा तो ऐकलास तेव्हा तू भोपळ्याला कान लावून विचारलं होतंस, ‘आत कोण गातंय?’ दादा किती हसला होता! तेव्हा कुठली परीक्षा आणि कुठली कॅसेट? रमणबागेत सवाईला आपण रजई आणि थर्मास घेऊन जायचो. पहाटे भीमसेनअण्णा बसेपर्यंत तू माझ्या मांडीवर झोपलेली असायचीस, आणि कुणी समेवर आलं की झोपेतच मान हलवायचीस. आता तो उत्सव मुकुंदनगरला होतो, बहुतेक दिवशी रात्री दहाच्या आत आटपतो, माझ्या गुडघ्यांना ते सोयीचंच आहे. पण मला मान हलवणारी ती पोर हवी आहे. विशारदवालीला मी कधीच फारसं मानत नव्हते, तिचं लक्ष सारखं परीक्षकांकडे असायचं.

जावईबापूंनी म्हणे तुला कुमारांचा दाखला दिला. ‘ते पाच-सहा वर्षं गायले नाहीत, तरी परत येऊन मैफल मारली, तुला काय झालं?’ त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, दाखला द्यायचा तर पुरता द्या. कुमार गंधर्व लहानपणी ग्रामोफोनच्या रेकॉर्डी ऐकून बड्या बड्या गवयांचं गाणं हुबेहूब म्हणून दाखवायचे. १९४७ मध्ये लग्न झालं, क्षयानं गाठलं, आणि १९४८ च्या सुरुवातीला ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. गाण्याला डॉक्टरांची सक्त मनाई. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी कानांवर पडायची, ती ऐकायची, एवढंच हातात. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं म्हणून जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ गेलं ते गेलंच. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा जुना दमसास कुठून आणणार? त्यांनी तो शोधलाच नाही. छोट्या छोट्या, झपकन उठून मिटणाऱ्या स्वरावली घेतल्या, मध्ये भरपूर जागा सोडली, माळव्याच्या धुनांतून नवे राग उभे केले. ‘अनूपरागविलास’ १९६५ चं. जुन्या खोडांनी नाकं मुरडली, ती मुरडोत बापडी. सांगायचं एवढंच की त्यांनी जुनी रेकॉर्ड लावून तिच्याशेजारी नवा आवाज ठेवला असता, तर तेही गवसणी चढवून बसले असते.

आता दाखल्यातला गाळलेला भाग. त्या वर्षांत घर कोण चालवत होतं? भानुमतीबाई. त्याही कुमारांसारख्याच प्रो. देवधरांच्या वर्गातल्या, गाणाऱ्या. देवासला त्या शाळेत शिकवायच्या आणि घरी आल्यावर नवऱ्याची शुश्रूषा करायच्या. १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या. कुमारांच्या त्या मौनावर आपल्याकडे किती लिहून आलं, किती व्याख्यानं झाली! भानुमतीबाईंचं गाणं कधी थांबलं आणि त्यांना त्याचं काय वाटलं, असं विचारणारं कुणी मला आजवर भेटलेलं नाही. पुरुषाचा खंड पडला की ती साधना. बाईचा पडला की तो संसार. तू सासूबाईंचं पाच वर्षं केलंस, मुलांच्या दहावी-बारावी काढल्यास, त्याला कोणी मौन म्हटलं का? नाही ना? मग परत गायला लागताना जणू गैरहजेरीचा दंड भरायचा आहे अशी का बसतेस? जाऊ दे. या विषयावर मी सुरू झाले की थांबत नाही, दादा म्हणायचाच.

नोकरीनं गाणं खाल्लं, हेही तुझं पालुपद आहे. अर्धं खरं आहे. आपल्याच पुण्यात वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात जवळजवळ दोन तपं खर्डेघाशी केली, थेट नेफापर्यंत बदली झाली, आणि १९६५ च्या सुमारास ती नोकरी सोडली. ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. खाँसाहेब म्हणून ते उभे राहिले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आज तुझंही तेवढंच वय आहे, म्हणून आठवले. आता तू म्हणशील, ते ऑफिस करूनही गातच होते, माझ्यासारखं गुंडाळून ठेवलं नव्हतं. बरोबर आहे. म्हणून मी तुला कट्यार कर म्हणत नाही, राजीनामा तर मुळीच देऊ नकोस, कर्ज फिटायचंय अजून. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास दार लावून घे, एवढंच. आणि त्या अर्ध्या तासात चहा मागायला कोणी दार वाजवलं तर वाजू दे.

सोसायटीच्या दिवाळी पहाटेला मात्र नाही म्हणून कळव. आजच कळव. तानपुऱ्याला जेमतेम हात लागला नाही तोच पत्रिकेवर नाव! पैठणी नेसून, समोर फराळाचे डबे उघडणाऱ्या लोकांना नाट्यगीतं ऐकवायची, त्यांनी मोबाइल वर धरायचे, आणि रात्री तू ते व्हिडिओ पुन्हा त्या कॅसेटशेजारी लावणार. तुला मी ओळखत नाही का? पुढच्या वर्षी गा, नाहीतर नकोच गाऊस.

आता ज्यासाठी झोप गेली ते लिहिते. काल तुझा आवाज मला बसल्यासारखा वाटला. बोलताना मध्येच फाटत होता आणि तू तीनदा तरी खाकरलीस. सर्दी आहे म्हणालीस, पण हे गणपतीपासून चाललंय असं तुझा मुलगा बोलून गेला. वरच्या पट्टीत गळा ताणून तू काही करून तर घेतलं नाहीस ना? थायरॉइडची गोळी वेळेवर घेतेस का? पंधरा दिवसांहून जास्त घसा बसला तर अंगावर काढायचा नसतो. हळद-दूध, ज्येष्ठमध, शेजारणीचा काढा, यातलं काही मला सांगू नकोस. स्वरतंतूंवर गाठ येते, सूज येते, ती डॉक्टर दुर्बिणीतून बघतात, पाच मिनिटांचं काम असतं. ते बोलू नका म्हणाले तर घरात पाटी लिहून काम चालव, पण बोलू नकोस. शनिवारी तुला सुट्टी असते. सकाळीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, मी बरोबर येते, आणि वेळ काय मिळाली ते मला उद्या संध्याकाळपर्यंत कळव.

तुझी
आत्या