माझ्या भावाला काय झालं होतं

माझा मुलगा रांगायला लागला तसे त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग उठू लागले. मांडीत लस टोचली की टेंगूळ यायचं. शेजारणी म्हणायच्या, दृष्ट काढ. पुढं एकदा कुठं पडला-झडला नसताना गुडघा टरारून सुजला, तेव्हा निपाणीच्या डॉक्टरांनी बेळगावला पाठवलं. तिथं फॅक्टर आठ मोजला, तो एक टक्क्याहून कमी निघाला. तीव्र हिमोफिलिया.

सगळ्यांना वाटायचं, याला खरचटलं की धार लागणार. तसं नसतं. रक्त इतरांसारखंच येतं, पण थांबत नाही. रक्त गोठवणारी प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात. त्यातलं आठवं नसलं की गुठळी कच्ची राहते. वरची जखम निदान दिसते. गुडघ्यात, घोट्यात आतल्या आत रक्त साचत राहिलं तर सांधा कायमचा आखडतो.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि आईकडून मुलाकडे येतो, हे ऐकताच सासरच्या आत्ती म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडचंच की हे." सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. आमच्यात मात्र होता. माझा धाकटा भाऊ दुधाचा दात पडल्यावर रक्त न थांबून गेला होता. त्या दिवशी आई विड्या वळायला गेली होती. आपण घरी असतो तर पोरगं वाचलं असतं, हेच ती जन्मभर मनात धरून होती.

मी माहेरी जाऊन तिला सगळं सांगितलं. तुझ्या जाण्या-न जाण्यानं काही झालं नाही, त्याच्या रक्तातच ते प्रथिन नव्हतं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आणि आता या पोराला औषध आहे?"

आहे. कर्नाटकात सरकारी रुग्णालयातून फॅक्टर मोफत मिळतो, शिरेतून देतात. सांधा दुखू लागला की आधी बर्फ आणि विश्रांती, मग बेळगावची वाट. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन वर्ज्य. स्नायूत इंजेक्शन नाही. शाळेतल्या बाईंनाही हे लिहून दिलंय. दावणगेरेचे डॉ. सुरेश हनगवाडी स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण असून डॉक्टर झाले, हे मी मुलाला पुन्हा पुन्हा सांगते.

आता धाकटी मुलगी या दोषाची वाहक आहे का, ते तपासायचंय. वाहक मुलींतही फॅक्टर कमी असू शकतो, पाळीत अंगावरून फार जातं. पुढं लग्नाला अडचण येईल म्हणून घरचे नको म्हणतात. पण तिला पाळी यायच्या आत मी तिला बेळगावला नेणार आहे.