गाडीचे डोळे

दिवाळीला आठ दिवस असतानाच आमच्या धरमपेठेतल्या घरात अपघातांची मालिका सुरू झाली. पहिला बळी पडला तो चकलीच्या भाजणीसाठी वाळत घातलेल्या डाळींचा. दुसरा माझ्या चष्म्याचा. गुन्हेगार एकच, रेडिओच्या लहरींवर धावणारी एक वीतभर मोटार. तिचे मालक, म्हणजे आमचे नऊ वर्षांचे नातू, आईबरोबर पुण्याहून सुटीला आले होते. चिरंजीव मात्र कचेरीच्या कामामुळे मागेच राहिले होते.

संध्याकाळी अंगणात अंधार झाला की मोटार हमखास तुळशीवृंदावनावर आदळे. तिसऱ्या धडकेनंतर नातू माझ्याजवळ येऊन गंभीरपणे म्हणाला, "आबा, हिला दिसतच नाही. हिला डोळे हवेत."

मी उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवला. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण आजोबांना एखादी गोष्ट येत नाही, हे नातवाला कळू देणे कोणत्या आजोबांना परवडते? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सीताबर्डीवर सुट्या भागांच्या दुकानात हजर झालो. मी पांढऱ्या उजेडाचे पाच एलईडी मागितले आणि डाख द्यायची एक कावीळही घेतली. दुकानदार पोरगेलासा होता. तो म्हणाला, "काका, रेझिस्टन्सही घेऊन जा जी. नाहीतर दिवा एकदाच लागते, अन् मग लागतच नाही."

हे तत्त्वज्ञान मला पटले. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. मोटारीत दीड व्होल्टचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट. या दिव्याची भूक साधारण तीन व्होल्टची. उरलेले तीन कोणीतरी अडवायला हवेत. दिव्यातून वीस मिलिअँपियरहून अधिक प्रवाह जाऊ द्यायचा नाही. तीन भागिले शून्य पूर्णांक शून्य दोन, उत्तर दीडशे ओहम! दुकानदाराने दिलेल्या तांदळाएवढ्या तुकड्यांवर तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे होते, म्हणजे ते दीडशेचेच. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तुकडा जोडायचा, दिव्याचा लांब पाय धनाकडे आणि आखूड ऋणाकडे. दातांच्या पेस्टची दोन झाकणे भोके पाडून घेतली, आतून चॉकलेटची चांदी लावली. डोळ्यांच्या खोबण्या तयार झाल्या.

मी चहा घ्यायला आत गेलो. तेवढ्यात नातवाला धीर धरवला नाही. त्याने एक दिवा तसाच सेलांना जोडला. क्षणभर लख्ख उजेड पडला आणि दिवा कायमचा विझला. मी बाहेर आलो तेव्हा तो जळका मणी मुठीत धरून माझ्या तोंडाकडे पाहत होता.

ही नजर माझ्या ओळखीची होती.

१९८९ साली याच घरात, याच ओसरीवर, त्याच्या बापाने माझा ट्रान्झिस्टर खोलला होता. तेव्हा तोही नऊ वर्षांचाच होता. "आतला माणूस कुठे बसतो ते बघत होतो" असे तो म्हणाला. मी त्याच्या थोबाडीत दिली. ट्रान्झिस्टर पुढे दुरुस्त झाला. पण त्या दिवसानंतर मुलाने घरातली कोणतीही वस्तू उघडली नाही. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे, मात्र दिव्याचे बटण बिघडले तरी मिस्त्रीला बोलावतो.

आणि मी स्वतः काय केले होते? आमच्या नागपुरात भोसल्यांच्या काळापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. सातव्या वर्षी मी माझ्या बैलाच्या शिंगांवर मेणबत्तीचे तुकडे चिकटवले होते. गल्लीच्या टोकापर्यंत बैल ऐटीत गेला आणि एक शिंग जळून परत आला. वडील एवढेच म्हणाले, "पुढल्या वर्षी मेणबत्ती टिनाच्या झाकणात लाव." इतका शहाणा बाप लाभूनही मी स्वतः बाप झालो तेव्हा ते झाकण विसरलो.

मी नातवाला म्हटले, "म्हणूनच तर पाच आणले!" मग आम्ही दोघांनी तो मेलेला दिवा भिंगाखाली पाहिला. मी त्याला सांगितले की तांबडा एलईडी १९६२ सालीच निघाला होता. पण प्रखर निळा साधायला आणखी तीस वर्षे लागली. त्यासाठी लागणारा गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक जमता जमेना. पुष्कळांनी नाद सोडला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी सोडला नाही, आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पांढरा दिवासुद्धा मुळात निळाच, त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. नातवाने विचारले, "त्यांचे किती जळले असतील?" मी म्हटले, "आपल्यापेक्षा नक्कीच जास्त."

मनात मात्र मी दुसराच हिशेब करीत होतो. अडवणारा कोणी नसला तर दिवा जळतो, हे खरे. पण अडवणारा फार मोठा असला तर दिवा लागतच नाही. मुलाच्या बाबतीत मी दीडशेच्या जागी दीड लाखाचा बसवला होता.

कावीळ तापवली, पण माझा हात थरथरू लागला. शेवटी तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चिरंजीव पुण्याच्या गाडीने आले, तेव्हा फाटकापाशी त्यांच्या स्वागताला दोन लुकलुकणारे डोळे धावत गेले. बुटावर आदळताच एक डोळा मिटला.

नातवाचा चेहरा उतरला. चिरंजीव पिशवी खाली ठेवून ओसरीवर मांडी घालून बसले. त्यांनी मोटार उलटी करून पाहिली, झाकणातली चांदी पाहिली, न वापरलेली कावीळ पाहिली. मग माझ्याकडे पाहून पंचेचाळीस वर्षांच्या त्या गृहस्थाने हळूच विचारले, "बाबा, उघडू का?"

मी म्हटले, "उघड."

बापलेक रात्री अकरापर्यंत त्या मोटारीवर वाकून बसले होते. सौभाग्यवती दोनदा जेवायला बोलावून गेल्या. अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचे होते, पण कोणालाही झोपायला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. मी फक्त त्यांच्यासाठी दिवा धरून उभा होतो.