आईचा अडकलेला घास

आमच्या खारेपाटणच्या घरात आई सर्वांना वाढून झाल्यावर चुलीपाशी एकटी जेवायची. त्यामुळे तिचा घास अडकतो, हे आम्हां तिघी बहिणींना कित्येक दिवस कळलेच नाही. भाकरी सोडून ती पेजेवर आली होती. विचारले तर म्हणायची, "माका चावूक जमणा नाय."

अंगदुखी तिची जुनीच. मान, खांदे, कंबर, सगळेच दुखायचे. रात्रभर झोपली तरी सकाळी लावणी करून आल्यासारखी थकलेली. रक्त तपासले, एक्सरे काढले, सर्व ठीक! एका डॉक्टरांनी तर "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावले. आम्हीही ते खरे मानले, याची आज लाज वाटते.

पुढे कोल्हापूरला नाव कळले, फायब्रोमायल्जिया. बायकांत हा आजार अधिक आढळतो. वेदनेचा संदेश मेंदूत आणि मज्जारज्जूत वाढूनच पोचतो, म्हणून एक्सरेत काही दिसत नाही. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १८ ठरावीक जागांपैकी ११ दुखल्या तर हे निदान, असे ठरवले होते. २०१० साली थकवा आणि ताजेतवाने न करणारी झोपही मोजायला घेतली. आईला मात्र एवढेच पुरे होते, की आपण खोटे बोलत नव्हतो.

घशाचे कळल्यावर आम्ही म्हटले, त्याच आजाराचे असेल. या आजारातल्या अनेकजणी गिळायला त्रास होतो असे सांगतातही. म्हणजे आधी नाव नव्हते म्हणून दुर्लक्ष, आता नाव मिळाले म्हणून दुर्लक्ष! डॉक्टर मात्र म्हणाले, घशाचे वेगळे बघायचे. आम्लपित्ताने घसा धरतो, अंगात लोह फार कमी पडले तरी घास अडकू शकतो. दुर्बिणीने तपासले, रक्त पाहिले. गाठबीठ काही नव्हती. दुखण्यासाठी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिनची गोळी तोंड कोरडे पाडत होती. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. (अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.) वजन उतरत असेल, भाकरीनंतर पाणीही अडकू लागले असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

त्रास पूर्ण गेलेला नाही. घशात गोळा आल्यासारखे अजून वाटते. पण आता पहिले ताट आईचे वाढतो. भाकरी सारात भिजवून ती सावकाश खाते, आणि तिचे होईपर्यंत आम्ही कोणी उठत नाही.